नळी नाकात की तोंडात

त्या मुलीच्या केसपेपरवर ‘दूध ओढायला आळशी’ हा शेरा अकरा दिवसांत चार वेळा आला आहे आणि त्यांपैकी एक माझ्या अक्षरात आहे. मुलगी घरी जाऊन दोन महिने होत आले. तिचे वजन वाढते आहे आणि आशाताई घरी जाऊन तिला पाहून येतात, त्यामुळे तक्रार करावी असे काहीच उरलेले नाही. तरीही ते अकरा दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, स्पीच थेरपिस्ट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि त्यातून हे पद आले. ते कंत्राटी असल्यामुळे दर अकरा महिन्यांनी नव्या आदेशाची वाट पाहावी लागते. बोलणे आणि गिळणे ही दोन्ही कामे त्याच ओठांची, जिभेची, टाळूची आणि घशाची असल्यामुळे गिळण्याचे दुखणेही आमच्याच विषयात मोडते, हे इथल्या निम्म्या लोकांना अजून पटलेले नाही. ‘दीड किलोच्या बाळाला काय बोलायला शिकवणार, मॅडम?’ असे एका डॉक्टरांनी राउंडमध्ये विचारले होते. सगळे हसले, मीही हसले. आजही एसएनसीयूच्या, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षाच्या, दारात चपला काढताना मला तो प्रश्न आठवतो.

मुलगी २९ आठवड्यांची जन्मली तेव्हा तिचे वजन १०९० ग्रॅम होते. पोटातले मूल चोखायला बरेच आधी शिकते, पण चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्हींचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तोवर दूध नळीने थेट पोटात जाते. तिची नळी तोंडातून होती. तिच्या आईचे वय एकवीस वर्षांचे. दर दोन तासांनी हाताने दूध काढून ती उकळलेल्या वाटीत आणून देई आणि दिवसातून कितीतरी वेळ मुलीला छातीशी कांगारूसारखी बांधून बसे. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ सालीच मातृदुग्धपेढी सुरू झाली. आमच्याकडे अजून ती सोय नसल्यामुळे वाटीतला प्रत्येक थेंब तिच्या आईनेच काढलेला होता. त्यातले दोन मिली कोणी सांडले, तर माझ्या जिवाला लागे.

चौतिसाव्या आठवड्यात मला बोलावले. करंगळी तिच्या जिभेवर ठेवली, तेव्हा जीभ पन्हाळीसारखी वळून बोटाला बिलगायला हवी होती. ती मध्ये आडव्या पडलेल्या नळीमुळे मागे सरकत होती आणि मुलीला उमासा येत होता. नळी तोंडात असली की जिभेला काम शिकवता येत नाही, हा माझा ठाम अनुभव आहे. मी डॉक्टरांना विनंती केली आणि नळी नाकातून घालून घेतली. हे मी केले, कोणी माझ्यावर लादले नाही, हे आधीच लिहून ठेवते.

त्यानंतर रोज दोनदा फीडच्या आधी गालांना, ओठांना आणि हिरड्यांना बोटाने हलके चोळणे, मग रिकाम्या केलेल्या स्तनाला लावून नुसते चोखू देणे आणि मग बोंडले, म्हणजे दूध पाजायची चोचीची छोटी वाटी, असा क्रम ठेवला. आमच्या पुरवठ्याच्या यादीत त्याला पालाडाई म्हणतात, पण कुठल्याही आजीच्या हातात दिले की तिच्या तोंडून बोंडले हाच शब्द येतो. या मुलीच्या आजीने तर घरचे चांदीचे बोंडले आणले होते. मुलीच्या बापाला त्यानेच वाढवले होते म्हणे. आजीची पद्धत अशी, की बाळ पसरलेल्या पायांवर उताणे घ्यायचे आणि बोंडल्याची चोच गालात सारून दूध ओतायचे. आमच्या काही सिस्टर घाईच्या वेळी नेमके हेच करतात, फक्त स्टीलच्या बोंडल्याने. माझा सगळा झगडा या ओतण्याशी आहे. गिळताना श्वास थांबतो. बाळ दोन घोट घेऊन थांबले की ते श्वास घेत असते, आणि नेमके त्याच वेळी ओतणाऱ्याला वाटते की बाळ टाळाटाळ करते आहे.

मी बाळाला कुशीवर, डोके थोडे उंच ठेवून घेते. चोच खालच्या ओठावर टेकवते, दूध ओठाला लागेल इतकेच कलते करते आणि त्याची जीभ दूध घ्यायला पुढे येईपर्यंत थांबते. दोन-तीन घोट झाले की बोंडले सरळ करते. या थांबण्याचा मला अभिमान आहे आणि कदाचित त्यामुळेच पुढचे मला दिसले नाही.

मुलगी सहा-आठ मिली घेई. मग भुवया वर जात, हाताची बोटे पंख्यासारखी पसरत, नाकपुड्या फुलत, दूध ओठाच्या कडेने ओघळे आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, घसरे. उरलेले दूध नळीतून जाई. दहा दिवस हेच चालले. अकराव्या दुपारी, माझ्या मांडीवर, माझ्याच हातातल्या बोंडल्याने तिचे सॅच्युरेशन ६८ पर्यंत खाली आले आणि ओठांभोवती निळसर कड दिसली. पाठीवर हात चोळला, ऑक्सिजन दिला, अर्ध्या मिनिटात ती सावरली. तिची आई काचेपलीकडून पाहत होती. मी बाहेर गेले तेव्हा ती काही बोलली नाही. आजी मात्र म्हणाली, ‘बाई, बाटली आणू का? बाटलीनं पितील लेकरं.’ बाटली का नको हे मी तिला समजावले आणि आत येऊन केसपेपरवर तो शेरा लिहिला. आपल्याला कारण सापडले नाही की आपण बाळाच्या स्वभावाला नाव ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पोहोचले तर मुलीच्या नाकात नळी नव्हती. रात्रपाळीच्या सिस्टर हिशेब देऊन निघायच्या तयारीत होत्या. ‘मॅडम, तीन वाजता हिनंच ओढून काढली. तेवढ्यात जुळी आली, दोन्ही वॉर्मरवर आमचे हात अडकलेले. परत घालायला जमलंच नाही. मग बोंडल्यानं बघितलं.’ बारा खाटांच्या त्या कक्षात त्या रात्री एकोणीस बाळे होती आणि सिस्टर दोन. हे मला माहीत होते, तरीही मी चिडले. आदल्या दुपारी जिचे ओठ निळे पडले होते, तिला कोणाला न विचारता एकटीने पाजणे धोक्याचेच होते आणि काही विपरीत झाले असते तर पहिली तक्रार मीच लिहिली असती. मग मी फीडचा तक्ता पाहिला. पहाटे ४ वाजता १८ मिली. ६ वाजता २४. ८ वाजता २४, म्हणजे पूर्ण फीड. एकदाही नोंद घेण्याइतके सॅच्युरेशन घसरले नव्हते.

‘नाक मोकळं झालं ना मॅडम, म्हणून प्यायली,’ सिस्टर म्हणाल्या आणि पर्स घेऊन निघून गेल्या.

या वयाची बाळे मुख्यतः नाकाने श्वास घेतात. १६१० ग्रॅमच्या मुलीची मुगाच्या दाण्याएवढी नाकपुडी, तीत सहा नंबरची, दोन मिलिमीटर जाडीची नळी आणि तिच्याभोवती सुकलेला शेंबूड. दुसरी नाकपुडीही अधूनमधून चोंदत असणार. जिभेची वाट मोकळी करण्यासाठी मी श्वासाची वाट अडवली होती. हे मला शिकवले गेले नव्हते असे नाही. परीक्षेत मी ते लिहिलेही असेल. अकरा दिवस मी तोंडाकडेच पाहत राहिले, कारण तोंड हा माझा विषय आहे.

दहाच्या फीडला स्टीलचे बोंडले थंड पाण्यातून काढून पुसले आणि त्याची पाठ तिच्या नाकाखाली धरली. वाफेचे दोन ठिपके उमटले. उजवा मोठा, डावा, जिथे नळी होती तिथला, जरा लहान. ते विरले, पुन्हा उमटले. मग तिने २४ मिली अठरा मिनिटांत घेतले आणि मध्ये जेव्हा ती थांबली तेव्हा मीही थांबले.

डॉक्टरांना मी नळीचे सांगितले. त्यांचे म्हणणे पडले की मुलगी आता साडेपस्तीस आठवड्यांची झाली आहे, वेळ आली म्हणून प्यायली, नळीचा संबंध असेलच असे नाही. ते चूक आहे असे मला म्हणता येत नाही. कमी दिवसांची बाळे अशी एका रात्रीत शिकलेली मी पाहिली आहेत. उमगण्यासाठी नळी पुन्हा घालून पाहायला हवी आणि तसे कोण करील? सिस्टरांचे खरे की डॉक्टरांचे, याचा निकाल त्या मुलीपुरता कधीच लागणार नाही.

सहा दिवसांनी ती आईच्या अंगावर पिऊ लागली आणि पुढे घरी गेली. आजीने चांदीचे बोंडले रुमालात गुंडाळून नेले. जाताना ते कुशीवर घेऊन कसे धरायचे हे तिने मला करून दाखवायला लावले आणि ‘एवढा वेळ कोणाला असतो, बाई’ असेही ऐकवले.

गेल्या आठवड्यात तेहतीस आठवड्यांचा एक मुलगा दाखवायला बोलावले. नळी नाकातून होती. मी तोंडात बोट घालण्याआधी बोंडले थंड करून नाकाखाली धरले. एकच ठिपका उमटला. नळी तोंडातून घेता येईल का, असे मी विचारले तेव्हा ड्यूटीवर त्याच सिस्टर होत्या. त्यांनी चिकटपट्टी सोडवायला घेतली आणि वर न पाहता म्हणाल्या, ‘आणि मग उमासे आले की परत नाकात घालायला सांगाल, मॅडम.’

दोन दिवसांनी उमासे आले. अजून नळी तोंडातच आहे.