पाचाला आठ

नेपाळच्या सीमेवरची सोनौलीची कमान ओलांडेपर्यंत आमच्या बारा जणांचा खजिनदार मी होतो. पलीकडे गेल्यावर थोरली मावशी झाली. मधल्या तासाभरात काय झालं ते लिहायला इतका उशीर झाला, कारण मी सेलूच्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे.

आदल्या वर्षी केदारनाथ झालं होतं. केदारनाथानंतर पशुपतिनाथ केलं नाही तर यात्रा अर्धी राहते, असं आमच्याकडे मानतात. म्हणून २०२३ ची महाशिवरात्र परळीला वैजनाथाच्या रांगेत काढली आणि आठवड्याने निघालो. मनमाडला गाडी बदलून गोरखपूर, तिथून बसने सोनौली. रेल्वेबद्दल एवढंच सांगतो की आमचे बर्थ संडासाला लागून होते.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदान कार्डावर जाता येतं. त्यामुळे तो परदेश आहे हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, माझ्यासकट. निघताना प्रत्येकाला दहा-दहा हजार मीच काढून दिले, पाचशेच्या करकरीत नोटांत. वीस नोटा, कनवटीला लावल्या की झालं. मावशीने तेवढ्या घेतल्या नाहीत. तिच्याकडे दुधाच्या पैशांचं गाठोडं होतं. शंभर, पन्नास, वीस, दहा, सगळं जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं. "देवाच्या दारात मोड लागती," म्हणाली. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मावशी, ह्याला हमाल करावा लागंल." बाया हसल्या. ती हसली नाही.

सोनौलीत चहावाल्यानेच विचारलं, शंभरच्या नोटा आणल्यात ना? डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरावरच्या भारतीय नोटा बंद केलेल्या. दोनशेची, पाचशेची, दोन हजाराची, एकही चालत नव्हती. गोष्ट चार वर्षांची शिळी. मी रोज लाखाच्या नोटा मोजतो आणि मला ती माहीत नव्हती.

शेजारीच एक जण टेबल टाकून बसला होता. पाचशे मोडून देतो, नोटेमागे वीस रुपये वटाव. आमच्या २२० नोटा. मनातल्या मनात ४,४०० रुपये गेले आणि घसा कोरडा पडला. तरी मी अजून खजिनदार होतो. म्हटलं, पलीकडे एटीएम असेलच. होतं. पण माझ्या कार्डावर परदेशातले व्यवहार चालूच केलेले नव्हते. आपल्या बँका ते मुळातच बंद ठेवतात, आपण सांगितलं तर सुरू होतं. सुरू करायला ओटीपी हवा, ओटीपीला रेंज हवी, आणि सीमा ओलांडताच माझ्या मोबाइलची रेंज गेलेली. दोनदा इकडे, दोनदा तिकडे झालं. शिपाई माझ्याकडे बघायला लागला. (आपल्या यूपीआयने फोनवरून पैसे देणं तिथे सुरू झालं मार्च २०२४ मध्ये. आम्ही वर्षभर आधी जाऊन बसलो.)

परत आलो तर मावशी दुकानाच्या पायरीवर पाय पसरून बसलेली आणि गाठोडं सुटलेलं. तेवीस हजार आठशे. सगळ्यांना हजार, पंधराशे, जसं लागेल तसं देत होती. बदल्यात पाचशेची नोट कुणाचीच घेतली नाही. "ह्या घेऊन म्या काय करू तिकडं? घरी गेल्यावर द्या." मी रांगेत शेवटचा. "तुला कामून पाहिजेत? तुझं कार्ड हाय की," म्हणाली. मग तीन हजार मोजून दिले, थुंकी लावून, दोनदा. कमी पडले तेवढे टेबलवाल्याकडून मोडले. उरलेल्या पाचशेच्या नोटा बायांनी कुठे ठेवल्या ते मी विचारलं नाही.

तिथे प्रत्येक दुकानात एकच प्रश्न असतो: आयसी की एनसी? आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे त्यांचा. आपल्या शंभराचे त्यांचे १६० हा भाव १९९३ पासून बांधलेला आहे, हलत नाही. मी दर वेळी मोबाइल काढून भागाकार करायचो. मावशीने पहिल्याच दिवशी ताळा बसवला. "पाचाला आठ. पाच पायल्या दिल्या की आठ घ्यायच्या." पुढे मोबाइल काढायची मला लाज वाटायला लागली.

लुंबिनी, पोखरा, मनकामना देवीचा रोपवे, सगळं झालं. डोंगर धुक्यात होते. काठमांडूत थंडीने हाल.

पशुपतिनाथाचं दर्शन घेऊन बाहेर आलो आणि मी रुद्राक्षाची माळ घेतली. आठशे म्हणाला. मी आठ शंभराच्या नोटा दिल्या, त्याने न बोलता गल्ल्यात टाकल्या. मावशी चपला शोधत मागून आली. "केवढ्याला?" सांगितलं. ती माझा हात धरून तशीच माघारी फिरली.

नेपाळी नोटांवर पुढे एव्हरेस्ट आणि मागे जनावर असतं. शंभरावर गेंडा, पाचशेवर वाघ, हजारावर हत्ती. अक्षरं आणि आकडे आपल्याच लिपीत, त्यामुळे चौथी शिकलेल्या मावशीला वाचता सगळं यायचं, पण हिशोब ती जनावरांतच करायची. दुकानदाराला शुद्ध मराठीत म्हणाली, "आठशे तुमचे म्हंजी पाचशे आमचे. तीनशे माघारी दे." त्याने चेहरा न हलवता तीन गेंडे काढून ठेवले. मी उचलायला गेलो तर मावशीने माझ्या मनगटावर चापट मारली. तळहात तसाच पसरलेला. "आमचे तीनशे म्हंजी तुमचे चारशे ऐंशी. अजून एक गेंडा अन् वर ऐंशी." त्याला मराठी किती कळलं देव जाणे. बोटं कळली. एक गेंडा आला, एक पन्नास, एक वीस, एक दहा. मग तो हसला आणि तिच्या हातावर एक सुटा रुद्राक्ष ठेवला. मला नाही दिला.

सेलूला आल्यावर तिसऱ्या दिवशी मावशीचे तीन हजार द्यायला गेलो. पाचशेच्या सहा नोटा. तिने उजेडात धरून पाहिल्या आणि परत केल्या.

"शंभराच्या आण."

पतसंस्थेत त्या दिवशी शंभराचं एकही बंडल नव्हतं. सोमवारी नेऊन दिले.