मारुती जिप्सी अपडेट: पुढचा ॲक्सल उघडला, किंगपिन बदलले, आणि एकदाचं पॉवर स्टेअरिंग बसलं

साठच्या पुढं गेलं की गाडी हातात राहात नाही हे मागं सांगितलंच होतं, बीडहून मांजरसुंब्याकडं जाताना पुलाच्या जॉइंटवरून गेलं की अख्खा बोनेट फेफरं आल्यासारखा हलायचा आणि चाळीसवर आणल्याशिवाय थांबायचा नाही. दोन वर्षांत मी तीनदा बॅलन्सिंग केलं, टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं) नवे टाकले, शेवटी स्टेअरिंग डँपर (हादरे दाबणारा शॉकअप) लावला. डँपरनं दोन महिने बरं वाटलं, मग परत तेच, उलट जास्तच.

आमचा मिस्त्री मूळचा ट्रॅक्टरवाला, ऊसतोडीच्या सीझनमध्ये त्याच्याकडं पाय ठेवायला जागा नसते, म्हणून पावसाळ्यात गाठला. त्यानं पुढची बाजू जॅकवर घेतली, चाक वरून आणि खालून धरून हलवलं, थोडा प्ले होता. मी म्हणलं व्हील बेरिंग. तो म्हणला, "बसा आत, ब्रेक दाबून धरा." ब्रेक दाबल्यावर पण चाक तेवढंच हलायलं. ब्रेक धरला की हब (चाकाचा मधला भाग) आणि नकल (हब ज्यावर बसतो आणि चाकासोबत वळतो तो तुकडा) एक होतात, म्हणजे व्हील बेरिंगचा प्ले दिसायला नको, तरी हलतंय तर किंगपिन (नकल ज्या पिनांवर वळतो त्या) गेलेत. "मालक, दुखणं खुब्यात हाय आन तुम्ही मलम कपाळाला लावायलात," एवढं बोलून त्यानं आधी डँपर काढून बाजूला ठेवला.

उघडल्यावर जे दिसलं ते फोटो काढायच्या लायकीचं नव्हतं. नकलच्या मागं ॲक्सलच्या टोकाच्या गोळ्यावर जो फेल्ट आणि रबराचा सील घासत असतो तो दोन्हीकडं फाटलेला, आणि आपली काळी माती कशी असते माहितीय, ओली असताना लोणी आणि वाळली की सिमेंट. ती आत जाऊन बसलेली. डावीकडं तर ॲक्सलच्या नळीतला आतला सील पण गेलेला, डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये उतरून ग्रीसचं ताक झालेलं. बर्फील्ड जॉइंट (वळलेल्या चाकाला पण फिरवणारे सांधे) नशिबानं वाचले, डिझेलनं धुऊन सहाच्या सहा गोळ्या तपासल्या, उजवीकडच्या पिंजऱ्यावर थोडी झीज आहे पण चिरा नाहीत, मॉली ग्रीस भरून तेच परत टाकले.

खरा गुन्हेगार म्हणजे किंगपिनच्या बेरिंगचे रेस (रोलर ज्यावर फिरतात त्या कड्या). बोट फिरवलं तर खळगे लागायले. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळं रोलर एकाच जागी आपटून आपटून तिथंच खड्डे पाडतात, मग बेरिंग त्या खड्ड्यात बसल्यासारखं होतं आणि स्टेअरिंग मध्यभागी अडकून सोडल्यासारखं वाटतं. मला वर्षभर हे "सेंटरला छान बसतंय" वाटत होतं!

नवीन रेस जुन्या रेसचाच आधार घेऊन ठोकले. आता मुख्य काम, प्रीलोड, म्हणजे बेरिंग किती आवळलेलं आहे ते. मॅन्युअलप्रमाणं नकलचा सील न लावता, टाय रॉड सोडून, नकलच्या आर्मच्या भोकाला वजनकाटा अडकवून ओढायचं, हलायला सुरुवात होताना 1 ते 1.8 किलो लागायला पाहिजे. मिस्त्री म्हणतो हातानं कळतं. असेल, त्याला कळतं, मला नाही. घरी कापूस वेचणीचा काटा होता पण त्यावर किलोभर म्हणजे सुई हलली का नाही एवढाच वाद, शेवटी बायकोचा बॅगा मोजायचा डिजिटल काटा आणला. जुन्याच शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) ठेवून डावीकडं 600 ग्रॅम. खालची 0.1 मिमीची एक शिम काढली तर 2.3 किलो. परत खोललं, 0.05ची टाकली, 1.5 आलं. उजवीकडं दुसऱ्या फटक्यात 1.4. शिम काढताना वरच्या-खालच्या, डाव्या-उजव्या वेगळ्या पुड्यांत ठेवा, मी पहिल्या दिवशी सगळ्या एका झाकणात टाकल्या आणि अर्धा दिवस त्यातच गेला.

कॅस्टरचं (किंगपिन मागं कललेल्या कोनाचं) पण एक. माझ्याकडं 235/75 आर 15 टायर आणि मागच्या मालकानं लावलेल्या लांब शॅकल (पाटा चेसीला टांगणाऱ्या पट्ट्या) आहेत. पुढच्या पाट्याची शॅकल लांब केली की ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो, कंपनीचा साडेतीन अंश आहे. गाडी रस्त्यावर इकडंतिकडं फिरते ती त्यामुळं. उंची मोहाची असते पण शॅकल काढून मूळच्या लावल्या, टायर थोडा घासतो तर घासू दे, बंपर कापीन.

पॉवर स्टेअरिंगबद्दल थोडक्यात. नंतरच्या जिप्सी किंगचा बॉक्स, पंप आणि ब्रॅकेट संभाजीनगरच्या स्क्रॅप मार्केटमधून आणले, "एकदम ओके" म्हणून दिलेला बॉक्स दुसऱ्याच दिवशी गळायला, सील किट वेगळं घ्यावं लागलं. बॉक्स लावायच्या आधी चेसी घासून बघा, माझ्या चेसीला बोल्टच्या भोकापासून बोटभर तडा होता, रंगाखाली लपलेला. तडा भरून आतून 5 मिमीची प्लेट मारली. पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्सखालचा फिरणारा दांडा) काढायच्या आधी पंचनं खूण करा, एक दात जरी सरकला तरी एका बाजूला गाडी कमी वळते. स्टेअरिंगच्या तेलातली हवा काढताना इंजिन बंद, चाकं वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा हळू फिरवलं, मगच चालू केलं. टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलेली ते माप) दोरीनं 4 मिमी ठेवला.

परवा कपिलधारला जाऊन आलो. ऐंशीला त्याच पुलावरून गेलो, डँपर नसताना, काही नाही. मुद्दाम परत वळून दोनदा गेलो, पोरगं म्हणलं पप्पा काही विसरलं का.

अजून एक राहिलंय. डावं चाक खड्ड्यात उतरलं की स्टेअरिंग आपोआप थोडं फिरतं, ड्रॅग लिंकचा (पिटमन आर्मपासून चाकाकडं जाणाऱ्या सळईचा) कोन जास्त असल्यामुळं. तयार मिळते ती गरम करून वाकवून वेल्डिंग मारलेली लिंक मी घेणार नाही, स्टेअरिंगमध्ये जोड नको. लेथवाल्याला अखंड सळईतून बनवायला सांगितलंय, पण डाव्या आट्याचा टॅप (उलटे आटे पाडायचं हत्यार) त्याच्याकडं नाही, जालन्याहून आणतो म्हणला. पोळ्याच्या आधी आला तर आला. तोवर 300 किलोमीटर झाल्यावर किंगपिनचे बोल्ट परत टाइट करून, काटा लावून बघणार आहे.