सुम्न

वैशाख अमावस्या, रात्रीचे अडीच

मठातून आत्ताच आले. आई अंगणात बाजेवर झोपली आहे. माझी झोप उडाली म्हणून लिहायला बसले. कानात एकतारी अजून चालूच आहे.

सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या जत तालुक्यातलं हे आमचं गाव. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात जी आधी तोंडात येईल ती. यंदा आले ती माळवदाच्या, म्हणजे घरावरच्या मातीच्या सपाट छपराच्या कामासाठी. गेल्या पावसात मधल्या खोलीत तीन ठिकाणी धार लागली होती. आई परात, बादली, पातेलं मांडून रात्रभर जागी राहिली आणि मला सांगितलं चार महिन्यांनी. मिरग लागायच्या आत वर पांढरी माती पडायलाच हवी. चार दिवस माणसांच्या मागे हिंडतेय. आज संध्याकाळी खर्चावरून भावाशी फोनवर कडाक्याचं वाजलं. तेच डोकं घेऊन भजनाला जाऊन बसले.

आमच्याकडे अमावस्येला मठात तत्त्वपदं, म्हणजे संतांची कन्नड अध्यात्मपदं गातात. पेटी, दिमडी, टाळ आणि म्होरक्या म्हाताऱ्याच्या, आमच्या अज्जांच्या हातात एकतारी. गाणारे सगळे रानात राबणारे. पद संपलं की वाहवा नाही, टाळ्या नाहीत. कुणीतरी तंबाखू मळतं, कुणी दिव्यात तेल घालतं, पुढचं पद सुरू होतं. शहरातल्या मैफलींची सवय लागल्यावर मला हे फार जाणवतं.

मध्यरात्रीच्या सुमारास अज्जांनी कन्नड संतकवी शरीफांचं ‘सोरुतिहुदु मनेय माळिगी’ काढलं आणि मी चमकलेच. माळिगी म्हणजे आपलं माळवदच की! घराचं माळवद गळतंय, अज्ञानामुळे गळतंय. नीट करणारं कुणी नाही, आणि काळ्याकुट्ट अंधारात वर चढायचं बळ माझ्यात नाही. लहानपणापासून ऐकलेलं पद, पण आज पहिल्यांदा आईची परात डोळ्यांपुढे आली. शिशुनाळ शरीफ (१८१९–१८८९) आताच्या हावेरी जिल्ह्यातले. मुसलमान घरात जन्म, गुरू गोविंद भट्ट ब्राह्मण, आणि काही काळ शाळामास्तरकी केलेली. या माणसानं वैराग्य सांगायला हिमालय आणला नाही, गळकं छप्पर आणलं. या गाण्यावर माझा जीव जडलाय तो यामुळेच. बाराव्या शतकात कन्नड वचनं, म्हणजे छोटी मुक्त भक्तिपर काव्यं रचणाऱ्या अल्लमप्रभूंचंही तसंच. शून्य सांगताना ते ‘बयलु’ म्हणतात, आणि आमची आजी गावाबाहेरच्या मोकळ्या रानाला बयलच म्हणायची.

तर, ‘अज्ञानदिंद’, म्हणजे अज्ञानामुळे, या शब्दावर येऊन अज्जा थांबले. दिमडी थांबली, टाळही थांबले. एकतारी तेवढी चालू, एका बोटाची, सावकाश. मला वाटलं, विसरले. पुढची ओळ माझ्या अगदी ओठांवर आली होती. आजूबाजूला पाहिलं तर कुणालाच घाई नव्हती. शेजारची म्हातारी डोळे मिटून, हात मांडीवर पालथे टाकून बसली होती. माशी बसली तरी तिनं हात हलवला नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तेवढ्या वेळात मला ऐकू आलं की मी आत अजून भावाशी भांडतेच आहे. त्याची वाक्यं, माझी उत्तरं, मी न दिलेली आणखी चांगली उत्तरं. भांडण थांबलं असं मी म्हणणार नाही. ते चाललं होतं आणि मी नुसती ऐकत होते, शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तशी. मग अज्जांनी पुढची ओळ उचलली, जिथे सोडली होती तिथूनच.

चहाच्या वेळी मी जाऊन विचारलं, “अज्जा, ओळ विसरला होता का?”

“इल्ल.”

“मग थांबलात कशाला?”

“सुम्न, यव्वा,” म्हणाले, आणि बशी तोंडाला लावली.

सुम्न. पुस्तकी कन्नडमध्ये सुम्मने. लहानपणी आम्ही दंगा केला की आजी ओरडायची, सुम्न कूड, म्हणजे गप्प बस. आणि काही काम नसताना कुणी घरी आलं, का आलास विचारलं, तर तेच उत्तर, सुम्न बंदे. सहज आलो, काही नको आहे. गप्प आणि विनाकारण, दोन्हीला एकच शब्द. वाटेत येताना हेच घोळत होतं आणि वेशीजवळ एकदम लक्षात आलं की मराठीतही हे आहेच! रडणाऱ्या लेकराला आपण ‘उगी, उगी’ म्हणतो, आणि काम नसताना गेलो तर ‘उगीच गेले होते’ म्हणतो. दोन्ही भाषा तोंडात घेऊन वाढले आणि हे आज दिसलं. काहीतरी हवं असेपर्यंत माणूस आतून गप्प होत नसावा. भाषेला हे आधीच कळलेलं होतं.

अजून एक लिहून ठेवते. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ येतं. इकडे रचणारा स्वतःचं नावच घालत नाही. बसवण्णांच्या वचनात कूडलसंगमदेव, अक्कमहादेवींच्या चन्नमल्लिकार्जुन, अल्लमप्रभूंच्या गुहेश्वर, आणि शरीफांच्या पदात शिशुनाळाधीश, त्यांच्या गावचा देव. तुकोबांचं ‘तुका’ अहंकाराचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. त्या नावानं मला फार आधार दिलाय. पण गाणं रचून सही देवाची करायची, हे आज वेगळं वाटलं. आमच्याच तालुक्यात उमदी आहे, भाऊसाहेब महाराजांचं गाव. त्यांच्या इंचगेरी संप्रदायात कन्नड पदं आणि मराठी अभंग शेजारी शेजारी गातात. दोन्ही सह्या एकाच बैठकीत.

दोन वाजता भजन अर्ध्यावर ठेवून अज्जा उठले. मोटारीला लाइट रात्रीचीच असते, उसाला पाणी द्यायचं होतं. एकतारी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवली, बॅटरी घेतली आणि चालू लागले. निरोप वगैरे काही नाही. आत पद चालूच होतं, दुसऱ्या कुणीतरी उचललेलं.

सकाळी भावाला फोन करावा म्हणते, पैशाचं न काढता. साडेसहाला मातीची ट्रॉली येईल. त्याआधी माळवदावरचं गवत उपटून घ्यायला हवं.