सर्व्हरचे दोन लॅन पोर्ट बॉन्ड केले, माझा अनुभव

आमच्या ऑफिसात एकच फाइल सर्व्हर आहे, उबंटूवर चालतो, आणि सगळे डिझायनर दिवसभर त्याच्यावरूनच मोठमोठ्या फायली उघडतात. मागे गिगाबिटचे दोन पोर्ट, पण वायर एकालाच, म्हणजे ती वायर किंवा स्विचचा तो पोर्ट गेला की सगळ्यांचं काम ठप्प. म्हणून बॉन्डिंग करायचं ठरवलं, म्हणजे दोन्ही पोर्ट जोडून सर्व्हरला ते एकच असल्यासारखे वापरायचे. विंडोजवाले यालाच टीमिंग म्हणतात, सर्व्हर २०१२ पासून ते आतच मिळतं.

लिनक्समध्ये सात मोड आहेत पण माझ्या मते छोट्या ऑफिसला त्यातले दोनच कामाचे. ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये एक पोर्ट चालतो आणि दुसरा तयार असतो, स्विचवर काहीच करावं लागत नाही. दुसरा एलएसीपी, म्हणजे ८०२.३एडी, यात सर्व्हर आणि स्विच आपसात बोलून पोर्ट जोडतात आणि दोन्ही पोर्ट एकदम चालतात, पण स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, हवा आणि दोन्ही वायरी त्याच एका स्विचला हव्यात (स्टॅक केलेले, म्हणजे जोडून एकासारखे चालणारे, स्विच असले तर वेगळं). आमचा मॅनेज्ड होता म्हणून एलएसीपी घेतलं.

नेटप्लॅनच्या, म्हणजे उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाइलमध्ये पोर्टवरचा आयपी काढून बॉन्डला दिला, लिंक तपासायचा वेळ १०० मिलिसेकंद ठेवला. इथे एक सांगतो, 'नेटप्लॅन ट्राय' एरवी जुनी सेटिंग परत आणतं पण बॉन्डच्या पॅरामीटर्सना ते करत नाही, त्यामुळे हे काम लांबून एसएसएचवर करू नका, सर्व्हरला मॉनिटर-कीबोर्ड लावून समोर बसूनच करा.

बॉन्ड अप झाला पण काही पीसीवरून पिंग जायचं आणि काहींवरून नाही. बॉन्डची स्थिती दाखवणारी प्रोकमधली (/proc/net/bonding) फाइल उघडली तर पार्टनर मॅक ॲड्रेस, म्हणजे समोरच्या स्विचचा हार्डवेअर पत्ता, सगळा शून्य! म्हणजे स्विचकडून एलएसीपीला उत्तरच येत नव्हतं. स्विच बसवून देणाऱ्याने त्या दोन पोर्टचा ग्रुप केलेला होता पण स्टॅटिक, म्हणजे एलएसीपी न बोलणारा, तो बदलून एलएसीपी केला आणि लगेच सगळीकडून पिंग सुरू. कुठेही अडलात तर आधी ही फाइल बघा, खरंच खूप वेळ वाचतो.

मग स्पीड. एकाच पीसीवर कॉपी केली तर पूर्वीसारखंच सेकंदाला ११० एमबीच्या आसपास, आणि ते तसंच असणार, कारण पॅकेट मागेपुढे होऊ नयेत म्हणून एक कनेक्शन एकाच वायरवरून जातं, कुठली वायर ते हॅश, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्यांवरून केलेला हिशोब, ठरवतो. डीफॉल्ट हॅश मॅक ॲड्रेसवर चालतो, मी तो लेयर ३+४ केला म्हणजे आयपी आणि पोर्ट नंबर धरून वाटणी होते. पण हे फक्त सर्व्हरमधून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचं, आत येणाऱ्याची वाटणी स्विच करतो, त्याची सेटिंग तिकडेच. फरक जाणवतो तो सकाळी सगळे एकदम फायली उघडतात तेव्हा.

शेवटी मोठी फाइल कॉपीला लावून एक वायर उपटली, कॉपी क्षणभर अडखळली आणि पुढे चालू. ती परत लावून लिंक आल्याची खात्री केली आणि मग दुसरी उपटली, हे दोन्ही बाजूंनी करायलाच पाहिजे, बरेच जण एकच वायर काढून बघतात आणि सोडून देतात.

आता उरतो तो स्विच, तो बंद पडला तर दोन्ही वायरी असून उपयोग नाही. दुसरा स्विच मागितलाय. तो आला की ॲक्टिव्ह-बॅकअप करून प्रत्येक स्विचला एक वायर देणार, डबल बँडविड्थ जाईल पण आमच्या कामाला चालू राहणं जास्त गरजेचं आहे.