मसाई मारा: किती रात्री ते मोजू नका, गेटच्या आतले तास मोजा

सप्टेंबर 2025 मध्ये आम्ही चौघं केनियाला जाऊन आलो. मी, बायको, मेव्हणा आणि त्याची बायको. दोन रात्री अंबोसेली, तीन रात्री मसाई मारा (दोन्ही वन्यप्राण्यांसाठी राखीव जागा), बाकी नैरोबी. परतल्यापासून ओळखीतल्या तिघांनी आयटिनररी मागितली. तिघांनाही एकच सांगितलं की ती आहे तशी उचलू नका. का, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी फीबद्दल, कारण आमचे सर्वाधिक पैसे तिथेच वाया गेले.

माराची फी परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे. माणशी, दर दिवशी. हे आम्हाला माहीत होतं. दिवस म्हणजे किती तास, याचीच चुकीची माहिती मिळाली होती. माझा एक मित्र 2019 मध्ये गेला होता तेव्हा तिकीट 24 तास चालायचं. दुपारी चारला आत गेलात तर दुसऱ्या दिवशी चारपर्यंत मोकळे. 2024 पासून हा नियम बदलला. आता तिकीट 12 तासांचं आहे, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. आत कधीही शिरा, सहाला ते संपतं. आमच्या टूरवाल्याने कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, ‘मारा पार्क फी दोन दिवस, 24 तास वैध’. मी त्यावर विश्वास ठेवला. दोन तिकिटांत पहिली संध्याकाळ, दुसरा पूर्ण दिवस आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत, असा आमचा हिशोब होता.

सेकेनानी गेटवर पोचलो तेव्हा 4 वाजून 25 मिनिटं झाली होती. अंबोसेलीहून दहा तासांचा प्रवास करून आलेलो, चौघांचेही चेहरे धुळीने पिठासारखे झालेले. गेटपाशी मसाई बायका मण्यांच्या बांगड्या खिडकीतून हातात कोंबत होत्या. तिकीट खिडकीतली बाई शांतपणे कार्ड मशीनमध्ये घालत होती, मशीन थांबत होतं, ती परत घालत होती. पावती मिळायला वीस मिनिटं गेली. आत जाऊन जेमतेम तास फिरलो, काही जिराफ आणि पाठमोरी सिंहीण पाहिली आणि सहाच्या आत बाहेर पडलो. आमचा कॅम्प गेटबाहेर दहा मिनिटांवर होता. म्हणजे त्या दिवशी आत जायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा गेटवर. रेंजरने कालची पावती पाहिली आणि परत दिली. “हे काल संपलं.” ड्रायव्हरने काही न बोलता दुसरं तिकीट काढलं. त्याला आधीपासून माहीत होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “ऑफिसने कार्यक्रमात संध्याकाळची गेम ड्राइव्ह (प्राणी पाहायची फेरी) लिहिली आहे, मी ती केली.” त्याचा दोष नाही. पण तिसऱ्या दिवसाचं तिकीट आमच्या पॅकेजमध्ये राहिलंच नाही. रात्री जेवताना चौघांनी ठरवायचं होतं: उद्या कॅम्पमध्ये बसायचं की 800 डॉलर आणखी भरायचे. जवळपास 70,000 रुपये. भरले. परतल्यावर टूरवाल्याला दोनदा मेल केले. पुढच्या टूरमध्ये सवलत देऊ म्हणाला, पैसे दिले नाहीत.

म्हणून तुमच्या कोटेशनमध्ये ‘पार्क फी समाविष्ट’ एवढ्यावर भागवू नका. कुठल्या तारखेला किती वाजता आत, किती वाजता बाहेर, आणि त्यासाठी किती तिकिटं, हे प्रत्येक दिवसासमोर लिहून घ्या. कॅम्प गेटबाहेर असेल तर पोचल्याच्या संध्याकाळी आत शिरू नका, कितीही मोह झाला तरी. आंघोळ करा, लवकर झोपा. कॅम्प राखीव क्षेत्राच्या आत असेल तर त्या दिवसाचं तिकीट लागणारच. मग नैरोबीहून पहाटे निघून दुपारच्या आत पोचा. शिवाय निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेट ओलांडावं लागतं, नाहीतर आणखी एक दिवस लागतो. शेवटच्या सकाळी आरामात नाश्ता करायचा असेल तर कॅम्प बाहेरचाच घ्या. मारा नदीच्या पलीकडचा मारा ट्रँगल हा भाग वेगळ्या व्यवस्थापनाकडे आहे. तिकडे जायचं असेल तर तेही आधीच विचारा, गेटवर नको.

आता तो रस्ता. अंबोसेली ते मारा एका दिवसात करू नका. नकाशावर ही दोन्ही ठिकाणं केनियाच्या दक्षिण सीमेवर शेजारी दिसतात आणि आपल्याला वाटतं, आडवं गेलं की पोचलो. गाडी तशी जात नाही. अंबोसेलीहून वर एमालीला यायचं, तिथून मोम्बासा हायवेने नैरोबी, शहराला वळसा घालून लिमुरूच्या बाजूने रिफ्ट व्हॅलीत उतरायचं, माई माहिऊ, मग नारोक, मग सेकेनानी. साडेचारशेच्या वर किलोमीटर. मोम्बासा हायवेवर बंदरातून येणाऱ्या कंटेनरची रांग संपतच नाही. समोरून ट्रक येतोय आणि आपली गाडी उजव्या बाजूला ओव्हरटेकला निघालीय, हे मी त्या दिवशी किती वेळा पाहिलं ते मोजणं सोडून दिलं. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे प्रत्येक ओव्हरटेकचा अंदाज येतो आणि जीव आणखी वर येतो.

माई माहिऊच्या उतारावर तासभर अडकलो. इथे दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांनी हा रस्ता बांधला आणि 1942 मध्ये रस्त्याकडेला एक छोटंसं चर्चही बांधलं. चर्चसमोर आमची गाडी इतका वेळ उभी होती की त्याच्या भिंतीचे दगड पाठ झाले. दरीचा देखावा खरोखर मोठा आहे, पण सात तास बसून दुखणारी कंबर घेऊन तो पाहायचा नाही.

वाटेत ड्रायव्हर ‘टॉयलेटसाठी’ म्हणून जिथे थांबतो ते लाकडी प्राण्यांचं दुकान असतं. टॉयलेट स्वच्छ आणि फुकट, ते जरूर वापरा. लाकडी जिराफाला 4,500 शिलिंग सांगितले, मेव्हण्याने 900 ला घेतला, आणि तसाच जिराफ नैरोबीच्या बाजारात त्याहून कमीत मिळाला. दुकानात काही घेऊ नका.

करायचंच असेल तर मध्ये नैवाशाला एक रात्र थांबा. सकाळी लवकर निघालात तर नैवाशाहून मारा दुपारच्या आत येतं. किंवा एकच जागा निवडा. किंवा नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जा, पण तिथे सामान माणशी 15 किलो आणि बॅग कापडी, मऊ लागते. चाकांची कडक बॅग घेत नाहीत. मला आज कोणी विचारलं तर मी म्हणेन, अंबोसेली सोडा आणि ते दोन दिवस मारामध्ये घाला. अंबोसेली वाईट आहे म्हणून नाही. तिथले दोन दिवस सुरेख गेले, हत्ती भरपूर, सकाळी ढग येण्याआधी किलिमांजारो पूर्ण दिसला. सुट्टी मोजकी असेल तर त्या रस्त्यापायी ते परवडत नाही, इतकंच.

गाडी लँड क्रूझरच घ्या. पॉप-अप छताची मिनीव्हॅन स्वस्त पडते आणि कोरड्या दिवशी चालतेही. पण माराची जमीन बऱ्याच ठिकाणी आपल्या विदर्भासारखी काळी कापसाची माती आहे. अकोल्याच्या बाजूला पावसाळ्यात ज्याने शेतात मोटारसायकल घातली असेल त्याला पुढचं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा तास पाऊस पडला आणि एक मिनीव्हॅन आमच्यासमोर हळूच आडवी सरकत ओढ्यात बसली. चाक फिरतंय आणि माती टायरवर वडाच्या पारंबीएवढ्या जाड दोरांनी गुंडाळली जातेय. आतली माणसं खाली उतरू शकत नव्हती, कारण दोनशे मीटरवर गवतात सिंह होते. आमच्या ड्रायव्हरने दोर लावून ओढली, पाऊण तास गेला. त्या लोकांचं तिकीटही सहालाच संपणार होतं.

आणि तिसरा दिवस. ज्याचे 800 डॉलर खिशातून भरले तो.

सकाळी आठपासून आम्ही क्रॉसिंग, म्हणजे कळप नदी ओलांडतात ते, पाहायला मारा नदीच्या काठावर थांबलो होतो. समोर वाइल्डबीस्ट (बैलासारखी दिसणारी मोठी हरणं), ड्रायव्हर त्यांना न्युंबू म्हणायचा, काठावर येत, खाली पाहत, मागे फिरत. तीनदा असं झालं. गाड्या चाळीसएक तरी असतील. दहाच्या सुमाराला एक गाडी जरा चांगला कोन मिळावा म्हणून पुढे सरकली आणि सगळा कळप उधळून टेकडीवर गेला. माझ्या बायकोच्या डोळ्यात पाणी आलं. रेंजरने ती गाडी बाजूला काढली. सव्वाबाराला आधी सात-आठ झेब्रे उतरले. मग एक न्युंबू. मग काठाची मातीच खाली घसरतेय असं वाटलं. आवाज म्हणजे हजार बेडूक आणि म्हशी एकदम. पाण्यात एकावर एक, नाक वर, डोळे पांढरे. एक पिल्लू आमच्या बाजूला वर चढताना चार वेळा घसरलं, पाचव्यांदा चढलं आणि ओलं तसंच उभं राहून मागे वळून ओरडायला लागलं. आई येईपर्यंत हललं नाही. पस्तीस मिनिटं चाललं हे. गाडीत कोणी बोललं नाही.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे: जुलै ते ऑक्टोबरमध्ये जात असाल तर गेटच्या आत किमान तीन पूर्ण दिवस, सहा ते सहा, ठेवा. दोन दिवसांत क्रॉसिंग दिसेलच असं सांगणाऱ्याकडून टूर घेऊ नका. बलूनमधून वरून फिरायचे पैसे वाचवा आणि तिसऱ्या दिवसाच्या तिकिटाला लावा. मसाई गावाची भेटही वगळा. माणशी 30 डॉलर मागतात, उडी मारून नाचतात आणि शेवटी मण्यांच्या टेबलापाशी आणून उभं करतात. आणि ड्रायव्हरला ‘अजून पुढे घे’ म्हणू नका. एका गाडीमुळे त्या दिवशी दोनशे माणसं दोन तास थांबली.

बाकीचं थोडक्यात. ईटीए, म्हणजे केनियात शिरायची परवानगी, ऑनलाइन, निघायच्या आठवडाभर आधी करा. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी आणि फक्त मान्यताप्राप्त केंद्रात. त्या केंद्रांवर तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून विमानाच्या तिकिटासोबतच तीही ठरवा. लसीच्या प्रमाणपत्राचं ते पिवळं पुस्तक नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ती लस आता जन्मभर चालते, पुस्तक जपून ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदी आहे आणि उद्यानांत पाण्याची एकदा वापरायची बाटलीही चालत नाही, म्हणून चिवडा-लाडू डब्यात आणि पाणी स्टीलच्या बाटलीत. जेवणाची काळजी नको, चपातीला तिथेही चपातीच म्हणतात आणि शाकाहारी सांगितलं की डाळ मिळते. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, उघड्या छतात पहाटे ताडोबाच्या डिसेंबरइतकी थंडी वाजते. कानटोपी घ्या.

रात्री झोपण्याआधी कॅम्पच्या स्वयंपाकघरात सांगून ठेवा की नाश्ता डब्यात हवा, आणि ड्रायव्हरला सांगा की सहाला गेटची दांडी वर जाईल तेव्हा रांगेत आपली गाडी पहिली हवी. आमची तिसऱ्या दिवशी होती.