स्पितीला जायचं कधी?

स्पितीला कोणत्या महिन्यात जावं असं कुणी विचारलं, की मी आधी उलट विचारते, "जाणार कोणत्या रस्त्यानं?" हिमाचलातल्या या खोऱ्यात शिरायला दोन मुख्य रस्ते. शिमला-किन्नौरकडून येणारा, दरडी आणि मोठा हिमवर्षाव सोडला तर, बारमाही चालू. दुसरा मनालीकडून, साडेचार हजार मीटरवरच्या कुंझुम खिंडीतून. तो साधारण जून ते ऑक्टोबर, एरवी बर्फाखाली. २०२० मध्ये मनालीजवळ अटल बोगदा सुरू झाला, पण त्यानं टळते ती आधीची रोहतांग खिंड. कुंझुम जिथल्या तिथेच आहे. हे न बघता एप्रिलमध्ये मनालीवरून स्पितीचा बेत आखणारे दरवर्षी भेटतात.

मी पहिल्यांदा गेले ती जूनमध्ये. काझा हे इथलं मुख्य गाव, उंची ३,८०० मीटरच्या आसपास. निघण्यापूर्वी मोबाईलवर तापमान बघितलं होतं, दिवसा १८ अंश. आकडा खरा होता, पण तो सावलीतला. बाजाराच्या गल्लीत उन्हाच्या बाजूनं चालताना स्वेटर काढून कमरेला बांधला. पलीकडच्या दुकानात जायला सावलीत शिरले आणि परत घालावा लागला. हवा विरळ नि कोरडी, त्यात ढगांचं पांघरूण नाही. जमीन झटकन तापते आणि ऊन गेलं की तितक्याच झटकन निवते. नाकाचं साल निघालं होतं आणि पाय गारठले होते, दोन्ही एकाच दिवशी. त्यात दुपारनंतर खोऱ्यातून वर चढणारा वारा सुटतो. फोटोत तो दिसत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी सांगत नाही. दातांत वाळू येते. गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, बघायच्या तर सकाळी उरकून घ्याव्यात.

जुलै-ऑगस्टचं गणित वेगळं. मान्सूनचे ढग दक्षिणेकडच्या डोंगररांगांवर रिते होतात आणि स्पितीच्या वाट्याला थोडंच उरतं. महाबळेश्वरला धो धो आणि फलटणला कोरडं, तसंच हे, फक्त मधली भिंत कितीतरी उंच. म्हणून ऑगस्टमध्ये इथं उघडे पिवळे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी वाटाणा आणि जवाची हिरवीगार शेतं, वर बहुतेक निळं आकाश. "पावसाळ्यात बिनपावसाची जागा" अशी जाहिरात करतात ती म्हणूनच, आणि ती अर्धवट आहे. पाऊस स्पितीत कमी, पण स्पितीच्या रस्त्यावर भरपूर. किन्नौरात दरड कोसळली की काझात लखलखीत ऊन असून तुम्ही अडकलात. शिवाय हवामानानं कधी पाठ फिरवली तर उन्हाळाही कामाला येत नाही. २०२३ च्या जुलैत कुंझुमजवळच्या चंद्रताल तळ्यापाशी बर्फ पडलं आणि पर्यटक काही दिवस तिथेच अडकून पडले.

मनालीच्या रस्त्यावर तर पाऊस नसतानाही पाणी चढतं. परतताना बातल आणि छत्रूच्या मधे एका नाल्यापाशी गाड्यांची रांग लागली होती. दुपारचे तीन, आभाळ स्वच्छ. आमच्या चालकानं खाली उतरून पाण्याच्या अगदी कडेला एक पांढरा दगड ठेवला आणि विडी पेटवली. विडी संपायच्या आत दगड बुडाला. सकाळपासून उन्हानं वरच्या हिमनद्या वितळत असतात, ते पाणी खाली पोहोचायला दुपार होते. संध्याकाळपर्यंत नाला फुगतच जातो. चालकानं कुणाशी वाद न घालता गाडी वळवली. रात्र मागच्या तंबूत काढली. पहाटे त्याच नाल्यात घोटाभर पाणी. स्पितीत पहाटे पाचला गाडी निघते ती यासाठी, उगाच शिस्त म्हणून नाही.

सप्टेंबर माझा आवडता. जवाची कापणी चाललेली असते, धूळ खाली बसलेली, रात्री शून्याच्या जवळपास. ऑक्टोबरात नदीकाठचे विलो आणि पॉप्लर पिवळे होतात, पण रात्री गोठवतात आणि हॉटेलांची कुलुपं दिसू लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरात नुसती कोरडी थंडी. खरं बर्फ बहुतेक त्यानंतर येतं.

ते बर्फ मान्सूनचं नव्हे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून सरकत येणारे कमी दाबाचे पट्टे, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, ते आणतात, जानेवारी ते मार्च-एप्रिलपर्यंत. फेब्रुवारीत किन्नौरमार्गे गेले तेव्हा रात्रीचं तापमान उणे २० च्या खाली होतं. नळ बंद, कारण नळात पाणी ठेवलं तर पाइप फुटतो. संडास कोरडे, मातीचे. ज्यांच्याकडे राहिले त्या घरात सगळं कुटुंब एकाच खोलीत, मधे लोखंडी शेगडी, तिला तिथे तंदूर म्हणतात. त्यावरच बर्फ वितळवून पाणी, त्यावरच चहा. मी रात्री बाटली उशाशी ठेवली होती, सकाळी आत बर्फाचा खांब. दाराची लोखंडी कडी उघड्या बोटानं धरली तर कातडी चिकटते, हेही तिथेच कळलं. काझाजवळच्या किब्बर गावाच्या कड्यांवर हिमबिबट्या बघायला दुर्बिणी लावून बसलेले लोक याच महिन्यांत येतात, कारण भरल आणि आयबेक्स या रानमेंढ्या-रानबकऱ्या खाली उतरतात आणि त्यांच्या मागे तोही.

बर्फ थांबलं की घरातले सगळे फावडी घेऊन छतावर. छतं सपाट, मातीची. साठू दिलं तर वजन, वितळू दिलं तर गळती. मी घरमालकिणीला म्हटलं, यंदा बर्फ जरा जास्तच पडलं का हो, दीदी? त्या हसल्या. जास्त पडलेलं चांगलं, म्हणाल्या. शेताला येणारं पाणी या बर्फाचंच, ते कूल म्हणजे पाटातून आणतात. हिवाळा कोरडा गेला तर उन्हाळ्यात पाट आटतो आणि वाटाणा करपतो. वाटाणा हे इथलं रोख पैशाचं पीक.

आता मला विचाराल तर रस्ते उघडे, लख्ख ऊन आणि कमी गर्दी हवी असेल, तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. किन्नौरकडून वर या, म्हणजे उंचीची सवय हळूहळू होते, आणि कुंझुमवरून मनालीला उतरा. नाले सकाळी ओलांडा. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस रिकामे ठेवा. गरम कपड्यांत एक जाडजूड जॅकेट नेण्यापेक्षा चार पातळ थर न्या, कारण दिवसभर ते काढत-घालतच राहणार आहात.