इंजिन का बदललं, हे विचारलंत म्हणून

ऑगस्टमध्ये इथे मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथे कडेला गाडी लावून बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत कुणीतरी येतं, आत डोकावतं आणि त्याचा चेहरा उतरतो. १९६६ ची शेवेल मालिबू, आणि आत ट्रकचं इंजिन? असं का केलंत? मंडळाच्या गणपतीत, पार्किंगमध्ये, तोच प्रश्न मराठीत येतो आणि वर 'एवढ्या पैशांत नवी गाडी आली असती' हेही ऐकावं लागतं. इतकी वर्षं मी माणूस बघून उत्तर देत आलो. कुणाला मायलेज सांगितलं, कुणाला सुटे भाग कुठेही मिळतात हे सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरं कारण ते नाही.

आधी आरोपाचं बोलतो. मी दुर्मीळ गाडी नासवलेली नाही. १९६६ साली एसएस ३९६, म्हणजे शेवेलची मोठ्या इंजिनाची मानाची गाडी, ही शेवरलेची वेगळी मालिका होती आणि तिचा चासी नंबर १३८ ने सुरू होतो. माझ्या गाडीचा १३६ ने होतो. म्हणजे साधी मालिबू, २८३ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, कागदावर १९५ हॉर्सपॉवर, दोनच गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुकानात जायची, पोरांना शाळेत सोडायची गाडी. १३८ वाली गाडी कुणी कापली तर मलाही वाईट वाटेल. मग १३६ वालीचं का नाही वाटत, असं एका म्हाताऱ्या मेकॅनिकने मला विचारलं होतं. त्याला मी उत्तर देऊ शकलो नव्हतो.

आता जे आजवर टाळलं ते.

२०१६ च्या उन्हाळ्यात बाबा मिशिगनला आले होते. बाबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, सातारा डेपो. खंबाटकीचा घाट त्यांनी किती वेळा उतरला असेल याची मोजदाद नाही. शेवेल बघून ते हरखले. रोज सकाळी चहा झाला की गॅरेजमध्ये जाऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे. त्या दिवशी आम्ही दोघं किराणा आणायला निघालो होतो. घराकडे परतताना एक लांब उतार आहे आणि खाली सिग्नल. सिग्नल लाल झाला, मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल सरळ फ्लोअरला जाऊन टेकलं. पायाखाली काहीच नव्हतं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

त्या वर्षीच्या शेवेलला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पेडल दाबलं की ब्रेकचं ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरला एकच कप्पा. एका चाकापाशी ऑइल गळलं की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन कप्प्यांचा सिलिंडर पुढच्याच वर्षी, १९६७ ला आला. हे मला पाठ होतं, पण त्या क्षणी मी नुसता पेडल मारत राहिलो. बाबा ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, 'लहान गिअर टाक.' मी लीव्हर लो मध्ये ओढला. इंजिन किंचाळलं, वेग थोडा कमी झाला. डाव्या पायाने पार्किंग ब्रेक दाबला, तो अर्धवटच लागला, कारण मागच्या डाव्या चाकाचे ब्रेक लायनर गळलेल्या ऑइलने भिजलेले होते. चौक रिकामा नव्हता. मी उजवीकडे गवतावर गाडी घातली, एका घराची टपालपेटी उडवली आणि झाडाच्या अलीकडे थांबलो.

सीटला फक्त पोटावरचा पट्टा होता. बाबांचं कपाळ डॅशबोर्डच्या काठावर आपटलं. भुवईवर सात टाके. त्यांचा पांढरा सदरा, त्यावरचं रक्त, आणि मागच्या सीटवर पिशवी फुटून पसरलेली तूरडाळ. ती डाळ मला पुढे वर्षभर सीटच्या फटींतून सापडत होती.

आता जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो. पेडल आठवडाभर आधीपासून नरम लागत होतं. मास्टर सिलिंडरचं झाकण उघडून मी वरून ऑइल भरलं होतं आणि रविवारी चाक खोलून बघू म्हणून सोडून दिलं होतं. गाडी जुनी होती हे खरं, पण दोष माझा होता. चाकाजवळचा तो छोटा सिलिंडर वेळेत बदलला असता तर मूळ ब्रेकवरसुद्धा आम्ही सुखरूप घरी पोचलो असतो. म्हणून 'जुन्या गाड्या धोकादायक असतात, म्हणून बदललं' हे मी जेव्हा ठासून सांगतो, तेव्हा मी स्वतःला वाचवत असतो.

त्यानंतर गाडी तीन वर्षं गॅरेजमध्ये उभी होती. आधी दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक आणि खांद्यावरून येणारे पट्टे. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, असं पूर्वीचा मी म्हणतो. त्याला कार्ब्युरेटरची गाडी हवी होती, दोनदा पेडल मारून सुरू होणारी. पण सस्पेन्शनबाबत मी त्याचं ऐकणार नाही. या गाड्यांचा पुढचा स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, आखूड आहे. वळणावर गाडी कलली की बाहेरच्या चाकाचा माथाही बाहेर झुकतो आणि टायर कडेवर चालतो. उंच स्पिंडल, चाक धरणारे नवे कंट्रोल आर्म आणि कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंगसकट शॉक अ‍ॅब्सॉर्बर, घातल्यावर ती पहिल्यांदा वळणात घट्ट बसली. यात मला तसूभरही पश्चात्ताप नाही.

इंजिनाचं मात्र तसं नाही. त्याचा जिवाशी काही संबंध नव्हता, ते मला हवं होतं. अपघातात गेलेल्या सिल्वराडोचं, म्हणजे शेवरलेच्या पिकअप ट्रकचं, ५.३ लिटरचं इंजिन आणि त्याचाच चार गिअरचा ४एल६०-ई गिअरबॉक्स मी भंगारवाल्याकडून आणला. ट्रकचं ऑइल पॅन खोल, ते खाली लोंबतं, म्हणून दुसरं घातलं. पेट्रोलचा जुना पंप जेमतेम पाच-सहा पीएसआय दाब द्यायचा, याला अठ्ठावन्न लागतात, म्हणून टाकीसुद्धा नवी, आत पंप असलेली. पॉवरग्लाइडवर सत्तर मैलांच्या वेगाला इंजिन रडायचं, शेजारच्याशी बोलता यायचं नाही. बाबांना मिशिगनच्या उत्तरेचा मॅकिनॉचा पूल बघायचा होता. पाच तास शांतपणे गप्पा मारत जाता येईल अशी गाडी करायची, हे डोक्यात होतं.

बाबा पुन्हा आले नाहीत. गुडघ्यांनी आता एवढा विमानप्रवास झेपत नाही. व्हिडिओ कॉलवर भुवईवरची ती पांढरी रेघ दिसते. दर वेळी विचारतात, 'ब्रेक बघितलेस का?' मी हो म्हणतो, आणि खरंच बघितलेले असतात. इंजिनाचं त्यांनी एकदाही विचारलेलं नाही.

जुनं २८३ गॅरेजच्या कोपऱ्यात स्टँडवर आहे, आईच्या गोधडीखाली. दर दोन महिन्यांनी स्पार्क प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडतो आणि क्रँक हाताने फिरवतो. जाम होऊ दिलेलं नाही. गेल्या महिन्यात एकाने ते चांगल्या किमतीला मागितलं. मी नाही म्हटलं. त्याने कारण विचारलं, ते मला सांगता आलं नाही.